चार कोपरे दिसतील अशी खिडकी

चष्म्याच्या काचेला कॅमेऱ्याचं धातूचं कडं टेकतं तेव्हा एक बारीक 'टक्' होतं. शेजारी उभ्या असलेल्याला ते ऐकूही जात नाही. पण ज्याच्या नाकावर चष्मा आहे त्याच्या कपाळात ते लहानशा घंटेसारखं घुमतं. त्यामागोमाग धातूचा थंडावा येतो, जुन्या चामड्याचा वास येतो, आणि मग त्या इवल्याशा खिडकीतून जग दिसू लागतं. सगळं नव्हे, मधलं मधलं! कडेचं जग कुठे जातं? चष्मा न लावणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. त्यांचा डोळा खिडकीला जाऊन भिडतो. आपला डोळा मात्र बोटाच्या पेराएवढा मागे, काचेच्या आड, एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखा उंबऱ्याबाहेरच उभा राहतो.

तुम्हीही चष्मा लावत असाल आणि कधी रेंजफाइंडर कॅमेरा हाती आला असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला लगेच कळेल. नसेल आला, तर थोडं सांगते. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही. कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघतो. त्या खिडकीत चार उजळ रेघांची एक चौकट हवेत तरंगत असते. रेघांच्या आत जे असेल ते फोटोत, बाहेर असेल ते बाहेर. मधोमध एका ठिपक्यात माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक खरी आणि एक तिची फिकट बहीण. भिंग फिरवत दोघींना एकमेकींवर आणून बसवलं की फोटो स्पष्ट येणार. किती सुंदर कल्पना आहे ही! इतर कॅमेऱ्यांसारखा आत उडणारा आरसा नाही, म्हणून आदळआपट नाही. बटण दाबलं तर कोणी जिभेने हलकंसं 'च्' करावं एवढाच आवाज.

हा कमी आवाजच माझ्या आयुष्यात एक संधी घेऊन आला. त्या काळी हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उगवत होत्या, मांजरी गावच्या उसात प्लॉटच्या खुणांचे दगड रोवले जात होते, आणि पुण्यात दर आठवड्याला एखादा संगणक अभियंता अमेरिकेहून दोन आठवड्यांच्या रजेवर येऊन लग्न उरकून जात होता. मी भंडाऱ्याकडून बहिणीच्या आधाराने इथे आले होते आणि हडपसरच्या एका स्टुडिओत फोटो कापण्याचं, अल्बममध्ये डकवण्याचं काम करीत होते. स्टुडिओचे मालक सत्तरीला टेकलेले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांनीच मला फावल्या वेळात फोटो काढायला शिकवलं. एके दिवशी एक निवृत्त अधिकारी आले. मुलीचं लग्न बुद्धविहारात होतं. "वंदना चालू असताना खटॅक्-खटॅक् नको, आणि फ्लॅश तर नकोच," असं त्यांनी बजावलं. ते गेल्यावर काका मला म्हणाले, "सुजाता, माझे गुडघे आता मला विहाराच्या पायऱ्यांपाशीच सोडून परत फिरतात. तुमच्यातली पद्धत तुला ठाऊक. तू जा. आवाज न करणारा कॅमेरा आपण बुधवार पेठेतून आणू."

आनंद झाला म्हणू की धास्ती बसली म्हणू? दोन्ही एकाच वेळी झालं, त्या ठिपक्यातल्या दोन प्रतिमांसारखं. फक्त त्या काही केल्या एकमेकींवर बसेनात. कारण चष्मा! माझा चष्मा जाड, आणि तेव्हाच्या चालीप्रमाणे चौकट मोठी, गालांपर्यंत येणारी. हे काम जमलं तर मी फोटो काढणारी होणार होते. नाही जमलं तर पुन्हा कात्री आणि डिंक, आणि कदाचित बहिणीच्या घरातला कोपरा सोडून गावी परत.

इथे मला थोडं मागे जायला हवं. माझी शाळा आठवीत सुटली. कारण विचाराल तर फळा. फळ्यावरची अक्षरं मला दिसत नसत. गुरुजी विचारायचे, "दिसते का गं मागून?" आणि मी उभी राहून म्हणायची, "दिसते जी." सगळ्यांबरोबर बसायला पाट मिळाला आहे, पुस्तकं फुकट मिळाली आहेत, आणि वर आपण तक्रार करायची? कृतज्ञ माणसाला 'नाही' हा शब्द उद्धटपणाचा वाटतो. आमच्याकडची कितीतरी माणसं डोळे तपासायला बसली की डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणून प्रत्येक काचेला 'बरं दिसते' म्हणतात आणि चुकीचा चष्मा घालून आयुष्यभर ठेचकाळतात. मला चष्मा लागला तोवर शाळा मागे पडली होती. वाचन मात्र सुटलं नाही. पुण्यात वाचनालयातली पुस्तकं नाकाजवळ धरून मी किती संध्याकाळी काढल्या, त्याची गणती नाही. पण जिभेवरचं ते 'दिसते जी' काही गेलं नाही.

बुधवार पेठेत, वायरी आणि रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या गल्लीत, रफिकभाईंचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. त्यांनी काचेच्या कपाटातून एक जर्मन कॅमेरा काढला. काय त्याचं रूप! काळं चामडं, चंदेरी माथा, हातात घेताच भरीव वाटणारं वजन. काकांचा चेहरा तरुण झाला. "हा घे. याच्यात दृश्य मोठं दिसतं, जवळजवळ उघड्या डोळ्याला दिसतं तेवढं. असा विहारात नेलास तर लोक कॅमेऱ्यालाच नमस्कार करतील."

मी तो डोळ्याला लावला. टक्. समोरच्या दुकानाची पाटी मोठी, झळझळीत दिसली. पण चौकट? विहाराचं सभागृह लहान, म्हणून जास्त माणसं मावतील असं रुंद भिंग आम्ही लावलं होतं. आणि भिंग रुंद झालं की त्याच्या रेघा खिडकीच्या अगदी काठाला जातात. चष्म्यामागून मला एकही रेघ दिसेना. मान डावीकडे वळवली तर डावी रेघ दिसे, उजवीकडे वळवली तर उजवी. चारी कोपरे एकदम नाहीतच! घर विकत घ्यावं आणि त्याच्या खोल्या एकेक करूनच बघायला मिळाव्यात, तसं.

"दिसतेय का चौकट?" काकांनी विचारलं.

"दिसते जी," मी म्हणाले.

"बांधा," काका रफिकभाईंना म्हणाले.

रफिकभाई वर्तमानपत्राचा कागद पसरू लागले. त्या कागदाच्या चुरचुरीत मला आमचा वर्ग ऐकू आला म्हणावं का? तेवढं काही झालं नाही. मला फक्त विहार दिसला. पांढऱ्या साडीतली नवरी, मेणबत्ती लावायला पुढे झालेला हात, आणि तो हात फोटोत आहे की नाही हे ठाऊक नसलेली मी. दुसऱ्याच्या लेकीचं लग्न पुन्हा थोडंच होणार होतं! शब्द बाहेर पडले तेव्हा ते माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच मोठ्याने पडले. "नाही जी. दिसत नाही."

रफिकभाईंचा हात कागदावर थांबला. काकांनी वाचायच्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वा! म्हणजे इतका वेळ तू कॅमेऱ्यातून बघत नव्हतीस. माझ्या तोंडाकडे बघत होतीस."

मला वाटलं, आता म्हणतील, चल, कात्री वाट बघतेय. पण काका स्टुलावर बसले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "मग तसं सांगायचं. आपण इथे दर्शनाला आलेलो नाही, लांबून हात जोडून निघायला. चष्मा काढून बघ."

चष्मा काढला तर रेघा दिसल्या, पण पाटीचा नुसता रंग उरला. खिडकीवर नंबराची काच बसवून मिळते, रफिकभाईंनी सुचवलं. मी विचारलं, "आणि कॅमेरा खाली घेतल्यावर? समोर कोण आलंय ते कसं कळणार? दर खेपेला चष्मा घालू आणि काढू?" एकदा 'नाही' म्हटलं की पुढचे प्रश्न किती सहज सुचतात! मला माझंच नवल वाटलं.

"ताई, आरामात," रफिकभाई हसले. "मशीन कुठं पळून नाय जात." आणि त्यांनी खालच्या खणातून एक जपानी कॅमेरा काढला. कोपऱ्याला पोचा, चामडं एका बाजूने सुटलेलं. "दिसायला गरीब आहे. आत दृश्य बी लहान दिसतं. म्हणून कोणी घेत नाय."

मी बघितलं. समोरची पाटी खरंच लहान झाली होती, गल्लीच्या टोकाला सरकल्यासारखी. पण तिच्या चहूबाजूंनी, एकाच नजरेत, मान न हलवता, चार रेघा आणि चार कोपरे! एवढंच नव्हे, रेघांच्या बाहेरही थोडी गल्ली उरली होती. एक सायकलवाला अजून चौकटीत यायचा होता आणि मला तो येताना दिसत होता. दृश्य लहान म्हणून दोन प्रतिमा जुळवायला जरा जास्त निरखावं लागत होतं, हे खरं. पण निरखणं मला जन्मापासून येतं. "चारी कोपरे दिसतात," मी म्हणाले. काकांनी उलटतपासणी घेतली. "वरची रेघ कशावर आहे?" "पाटीच्या खिळ्यावर." "खालची?" "तुमच्या चपलेवर." मग ते रफिकभाईंना म्हणाले, "हा बांधा. आणि त्या कड्यावर रबर चिकटवून द्या, नाहीतर हिच्या काचांवर नांगरट होईल."

लग्नाच्या दिवशी वंदनेच्या वेळी मी नवरीपासून दोन हातांवर होते आणि तिने एकदाही वर पाहिलं नाही. मेणबत्तीकडे जाणारा तो हात मला रेघेबाहेर असतानाच दिसला होता. तो आत आला, ज्योत धरली, आणि मी बटण दाबलं. शेवटी पायऱ्यांवर सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. दोन्हीकडचे नातेवाईक, नवऱ्याचे कंपनीतले मित्र, पोरंबाळं. अधिकारीसाहेबांनी मधून विचारलं, "आले ना सगळे?"

"नाही जी," मी म्हणाले. "डावीकडच्या मावशी बाहेर राहतायत. आत सरका."

"अहो मॅडम, त्यांना नंतर कॉम्प्युटरवर चिकटवा ना!" एक मित्र ओरडला.

"मला मागून चिकटवतोस व्हय रे? मी काय स्टँप हाय?" मावशींनी त्याला कोपराने ढकललं आणि त्याच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. सगळी ओळ हसत हसत एक पाऊल आत सरकली. चारी कोपरे भरले. मी बटण दाबलं.

पण आवाज कोणालाच ऐकू गेला नाही. सगळे तसेच उभे, श्वास धरून, हसू सांभाळून. किती सुंदर दिसत होती ती माणसं!  मी थोडा वेळ नुसती बघत राहिले.

"काढला?" अखेर अधिकारीसाहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

"हो जी," मी म्हणाले. आणि तो होकार कोणाच्याही तोंडाकडे बघून दिलेला नव्हता.