आदर्श शिक्षणपद्धती, दोनशे शब्दांत

मुलीच्या नर्सरीच्या ॲडमिशनपायी मी शिक्षणतज्ज्ञ झालो. झालो म्हणजे व्हावंच लागलं. अंधेरीतल्या ज्या शाळेसाठी आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो, तिच्या फॉर्मवर मुलीसाठी चार ओळी होत्या आणि आईबापांसाठी आख्खं पान. त्यात शेवटचा प्रश्न असा: चांगला समाज घडवायचा तर शिक्षणपद्धती कशी असावी? दोनशे शब्दांत लिहा. पोरगी साडेतीन वर्षांची. तिला अजून चड्डी सरळ घालता येत नव्हती, आणि समाज मी घडवायचा होता.

मी पेटलो. वडील गिरणी कामगार, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतला, आयुष्यभर साठवलेला राग सगळा त्या पानावर ओतला. परीक्षा नको. नंबर नको. साहेबाचा मुलगा आणि त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा एका बाकावर बसवा. आठवड्यातून एक दिवस मुलांना सुताराच्या, माळ्याच्या, कोळणीच्या हाताखाली द्या, म्हणजे घामाची किंमत कळेल. ‘घरातल्या भाषेची लाज वाटायला लावते ती शाळाच नव्हे,’ हे वाक्य लिहून झालं तेव्हा मला माझाच हेवा वाटला. एवढं झकास सुचणारा माणूस दिवसभर इन्शुरन्सचे क्लेम तपासत बसतो, म्हणजे बघा.

इंग्लिश करायचं काम बायकोकडे. ती बँकेत, तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा बरं. ती खारदांड्याच्या कोळ्यांची. तिची आई अजून बाजारात मासे विकते, आणि आम्ही दोघं कामावर गेलो की पोरगी दिवसभर त्या आजीकडेच असते. टाइप करता करता बायको ‘कोळीण’ शब्दावर थांबली.

“हे बरं लिहिलंस. आईला सांगू?”

“राहू दे गं. ॲडमिशन होऊ दे आधी.”

आता तुम्ही विचाराल, परीक्षा नको म्हणणाऱ्या या महात्म्याने पुढे काय केलं? दुसऱ्याच दिवशी पोरीला इंटरव्ह्यूच्या क्लासला घातलं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक बाई तिथे चित्रं दाखवून ॲपल, बॉल, फिश घोकून घ्यायच्या. घरात मराठी बंद. वरणभातसुद्धा आम्ही इंग्लिशमध्ये भरवायला लागलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सासूबाईंनाही मी सांगून आलो, की आई, इंटरव्ह्यू होईपर्यंत तिच्याशी जरा कमी बोला. त्या म्हणाल्या, “मंग काय दिसभर मुकी राहू?” पण राहिल्या बिचाऱ्या, जमेल तेवढ्या.

इंटरव्ह्यूला मुख्याध्यापिकाबाई गोड होत्या. टेबलावर खेळण्यांची टोपली. त्यांनी केळं दाखवलं, पोरगी म्हणाली बनाना. चेंडू दाखवला, बॉल. माझा जीव भांड्यात पडत होता. मग त्यांनी प्लॅस्टिकचा केशरी मासा तिच्या हातात दिला आणि विचारलं, हे काय?

पोरीने मासा उलटासुलटा केला. अंगठ्याने पोट दाबून पाहिलं. नखाने कल्ला उचलायला गेली, आत लाल आहे का ते बघायला. तो उघडेना. तिने मासा परत टेबलावर ठेवला, बाईंच्या बाजूला सारला आणि म्हणाली, “शिळा हाय. नको आपल्याला.”

आख्ख्या अंधेरीत त्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर कोणाकडे नसेल. मी चाळिशीला आलो, मला अजून शिळं पापलेट गळ्यात मारतात आणि घरी आल्यावर मी शिव्या खातो. मला त्या क्षणी पोरीचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी भयंकर लाजही वाटली. अभिमान मागे पडला.

बाई हसून म्हणाल्या, हे कुठे शिकली ही? रागावल्या नव्हत्या हं. नुसतं विचारलं होतं. मी एकदा बायकोकडे बघितलं आणि म्हणालो, “दिवसा ती आमच्या मेडकडे असते ना. ती बाई मासे विकते. तिच्याकडून उचललं असेल.”

बायको खाली वाकून पोरीच्या सँडलचा पट्टा लावत बसली, तो लावलेलाच होता. बाईंनी मान डोलावली, मग माझा फॉर्म काढला आणि घरातल्या भाषेबद्दलचं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाल्या, असे पालक आम्हाला हवे आहेत. ॲडमिशन झालं.

रिक्षात बायको म्हणाली, “मेड?”

“पटकन तोंडातून गेलं गं.”

“पटकन नाही गेलं. आधी माझ्याकडे बघितलंस तू.”

ती आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. आईला मात्र तिने काही सांगितलं नाही. तिकडे सासूबाई दांड्यात घरोघर पेढे वाटत फिरत होत्या. जावयाने कायतरी मोठं लिवलं, म्हणून पोरीला शाळा भेटली, असं सांगत होत्या. मला भरलं पापलेट करून घातलं. मी ते खाल्लंही, निर्लज्जासारखं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी पोरीला आणायला सासूबाई आल्या, हाफ डे टाकून मी आलो. त्यांनी लग्नाकार्यातली साडी नेसली होती, केसात गजरा, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं. गेटवर टीचर प्रत्येक मुलाला विचारून मगच सोडत होती, की न्यायला कोण आलंय? आमच्या पोरीने आजीकडे बोट केलं आणि आयुष्यातलं पहिलं पूर्ण इंग्लिश वाक्य बोलली.

“धिस इज माय मेड.”

टीचर म्हणाली, व्हेरी गुड.

सासूबाईंनी माझं कोपर धरलं. “काय बोलली ओ पोर? इंग्लिशमधी बोलली ना?”

“ही माझी आजी, असं म्हणाली.”

त्यांनी पोरीच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकड बोटं मोडली. पोरगी माझ्याकडे बघत उभी होती. तिला दोन्ही भाषा कळत होत्या.