गंधाखालचा व्रण

जयनगरहून मामीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. अण्णामामा गेले. रडू यायला हवं होतं, पण आठवली ती तीन वर्षांपूर्वी येलहंक्याच्या रस्त्यावर, स्कूटरवर मागून माझ्या पाठीत बसलेली थाप... "जोरात चालव की रे, चित्र पळून जाईल."

मामांनी इथल्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्या तीस वर्षांत कुणाला नाही म्हटलं नाही. स्नेहसंमेलनाचे पडदे, मुख्याध्यापकांच्या मेहुणीच्या लग्नातली रांगोळी, सगळ्याला इथल्या कानडी वळणाचं "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं. माझ्या बटाट्यासारख्या आंब्यालासुद्धा त्यांनी पास केलं होतं. पण धारवाडकडच्या एका जुन्या चित्रकाराचा विषय निघाला की हाच मऊ माणूस ताठ बसायचा. मामांच्या जन्माआधीच गेलेला तो चित्रकार माणूस दिसेल तसाच रंगवायचा. एका संस्थानिकाची तिरळी नजरही म्हणे त्यानं सरळ केली नव्हती. मामांनी त्याची चित्रं फक्त छापलेली पाहिली होती. त्यामुळे "आमच्या आजोबांचं चित्र त्यानंच काढलंय, जरा साफ करून द्या" असं शाळेचे विश्वस्त म्हणाले, त्या दिवशी मामा जेवलेच नाहीत.

विश्वस्तांच्या येलहंक्याच्या दिवाणखान्यात चित्रातले पगडीवाले आजोबा होते आणि कपाळावर गंधाचा जाड पापुद्रा. घरातली सून रोज सकाळी थेट चित्रालाच गंध लावायची, तीन पिढ्यांचा नेम. मामांनी काडीला कापूस गुंडाळला, तोंडात ओला केला आणि हलकेच फिरवू लागले. विश्वस्तांच्या आई दारातच थबकल्या.

"अहो मास्तर, आमच्या सासऱ्यांना थुंकी लावता?"

"थुंकीनं रंग दुखावत नाही, आजी."

तासाभरानं गंध सुटलं आणि खालून निघाला एक लांब, वाकडा व्रण. मग आजींनीच सांगितलं... व्रण गाळायला सांगूनही चित्रकारानं ऐकलं नाही, म्हणून सासूबाईंनी त्यावर गंध लावायला सुरुवात केली. नेमाचं मूळ हे. विश्वस्त म्हणाले, मग आता व्रणावर रंगानंच कायमचं गंध रंगवून टाका. "स्वल्प अडजस्ट करा, मास्तर."

मामांची निवृत्ती तोंडावर होती, आणि मुदतवाढीचा अर्ज याच माणसाच्या टेबलावर. मी मागून मामांचा सदरा ओढत होतो. आमच्या घराण्यातला भित्रेपणा माझ्याकडे जरा जास्तच आलाय. मामांनी हातातली काडी खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "ते मला जमणार नाही."

मुदतवाढ मिळाली नाही. पण परतताना ते स्कूटरवर लहान मुलासारखे बोलत होते. काय रंगवलाय रे तो व्रण... जांभळा, मातकट, मधे चुन्याच्या टिपक्याएवढा पांढरा. मी दोनदा सिग्नल तोडला.

परवा मामांचा मोठा केलेला फोटो आणायला गेलो. स्टुडिओवाल्यानं नाकावरची चामखीळ हौसेनं पुसून टाकली होती. एरवी मी "सरी" म्हणून पिशवीत घातला असता. या वेळी म्हटलं, नाही, ती परत आणा. आवाज चिरका आला, पण आला. त्यानं मूळ फोटोवरून पुन्हा छापून दिला.

आता तो भिंतीवर आहे, चामखिळीसकट. मामी रोज सकाळी काचेवर गंध लावते. काल ते ओघळून नाकावर आलं... तिनं पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि चामखिळीवरचं गंध हलक्या हातानं पुसून काढलं.