तारेवरच्या पाकोळ्या आणि काकीच्या कोंबड्या

पक्ष्यांविषयी लिहायचा मला खरं तर अधिकार नाही. मी बीएला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच, म्हणून मला सगळं येतं असं घरचे धरून चालतात. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव शेणव्याच्या पुढे. गणपती गेले, लवकर तयार होणारं हळवं भात पिवळं पडायला लागलं की संध्याकाळी पाकोळ्या येतात. कुठून येतात ते मला अजून नीट माहीत नाही. आधी शेतांवर फिरत राहतात. उजेड कमी झाला की काकीच्या अंगणावरून गेलेल्या विजेच्या तारेवर बसू लागतात. एक बसली की शेजारची सरकते, तिच्या पलीकडची उडते, पुन्हा येते. तार भरली की सगळं एकदम गप्प.

या वर्षी त्याच दिवसांत काकीच्या कोंबड्या मरायला लागल्या. काका गेल्यावर तिने कोंबडी अंड्यांवर बसवून एकेक करून वाढवलेल्या. त्या माना वाकड्या करून गोल फिरायच्या आणि सकाळी खुराड्यात पडलेल्या दिसायच्या. धसईच्या बाजारातून नुकताच आणलेला तांबडा कोंबडा तेवढा धडधाकट होता. शेजारी म्हणाले, पाकोळ्यांची घाण अंगणात पडते, कोंबड्या तीच टोचतात. फटाके लावा, जातील.

काकीने मला बोलावलं. "तू सांग रे, लावू का फटाके?"

"काकी, मी बीएला आहे."

"मंग? बीएमधी पाखरं नाय येत?"

"नाय येत."

"मंग रोज पास घेऊन जातोस कशाला?"

मी एक मेलेली कोंबडी खताच्या पिशवीत घालून एसटीने शहापूरला जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, तपासायला पाठवतो, कळवतो. पाकोळ्यांमुळे असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे."

मग रोज संध्याकाळी मी काकीच्या ओट्यावर बसायचो. वर बघितलं की वाटायचं, यांनी काय केलंय? खाली बघितलं की वाटायचं, शेजारी म्हणतात तेच खरं असेल. काकी विचारायची, "ठरलं का तुझं?" मी म्हणायचो, "उद्या सांगतो."

आणखी एक कोंबडी गेली तेव्हा काकी थांबली नाही. तिने अंगणात लडी लावली. पाकोळ्या धुरासारख्या उठल्या, गावावरून गिरकी घेतली आणि परत तारेवर येऊन बसल्या.

"लाज नाय बघ यांना," काकी म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी तार रिकामी होती. फटाक्यांनी गेल्या, की त्यांना पुढे जायचंच होतं, मला कळलं नाही. काकी दोनतीनदा बाहेर येऊन वर बघून गेली.

"कुठं गेली असतील रे?"



मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. मी काकीच्याच अंगणात होतो. काकी दाणे टाकत होती, तांबडा कोंबडा तिच्या पायाशी टिपत होता. "काय म्हणतो डॉक्टर?" ती विचारत राहिली. मी हाताने तिला थांब म्हटलं.

डॉक्टर सांगत होते, मानमोडी आहे. ती कोंबड्यांकडूनच कोंबड्यांना लागते. उरलेल्यांना लस द्यावी लागेल. आणि मधे बाजारातून नवीन कोंबडी किंवा कोंबडा आणला होता का? दिसायला धडधाकट असला तरी बहुतेक तोच रोग घेऊन आलाय.