विहिरीतला आवाज बंद झाला तेव्हा

मंगळवारी सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला विहिरीवर हाक मारली. हातात पीठ तसंच घेऊन धावले... म्हटलं, आता काय झालं. अण्णा कठड्यावर वाकून खाली बघत होते आणि मला बोटानं गप्प राहायला सांगत होते.

पाण्यावर दोन डोळे तरंगत होते. बेडूक. एवढासा.

तुम्ही म्हणाल, बेडकाचं काय कौतुक? सांगते. त्यासाठी माझी चूक सांगावी लागेल, आणि ती मी इथेच, या वॉलवर मोठ्या थाटात मिरवली होती.

श्रीवर्धनला समुद्रापासून पाच मिनिटांवर आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. नवरा न्हावा शेवाला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. घरी मी आणि अण्णा. दोन वर्षांपूर्वी मी मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, आणि पाणी पुरेना. पाहुणे समुद्रावरून आले की अर्धा अर्धा तास शॉवरखाली. अण्णांचा नियम मात्र ठरलेला... सकाळी तासभर पंप, संध्याकाळी तासभर. मधे विहिरीला दम घेऊ द्यायचा.

मी दोनदा म्हटलं, विहीर खोल करू या. दोन्ही वेळा ते 'नको' म्हणाले. का नको, ते नाही सांगितलं. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट.

गेल्या फेब्रुवारीत ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नणंदेकडे पनवेलला गेले. मी माणसं बोलावली आणि आठवड्यात विहीर सहा फूट खोल करून घेतली. मोठा पंप बसवला. काठोकाठ नाही, पण भरपूर पाणी... दिवसभर उपसलं तरी संपेना. मी त्या विहिरीसोबत फोटो काढून इथे टाकला. तुम्ही सगळ्यांनी अंगठे आणि बदाम दिलेत. मी हवेत होते.

त्याच सुमारास विहिरीतले बेडूक ओरडायचे थांबले. खरं सांगू? मला बरंच वाटलं. पहाटेपासून चालणाऱ्या त्या आवाजाबद्दल एका पाहुण्यानं रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं. वाटलं, खोदकामाच्या गडबडीत गेले असतील कुठेतरी, आपोआप काम झालं.

मग तूरडाळ शिजेना. साबणाला फेस येईना. चहा प्यायला की जिभेवर काहीतरी राहायचं. तरी मी डाळीलाच दोष देत होते, दुकान बदललं... विहिरीतला बेडूक म्हणून आपण लोकांना हिणवतो, पण त्याला जे पहिल्या आठवड्यात कळलं ते मला महिनाभर कळलं नाही.

अण्णा आले. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा काढून आधी वाडीकडे बघितलं. पोफळींच्या झावळ्या टोकाकडून करपायला लागल्या होत्या, आणि ते त्यांना आल्या आल्या दिसलं. मग विहिरीवर गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मचूळ.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "अगं, पावसाचं गोडं पाणी रेतीतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर टेकून राहतं. वरचं वर, बेतानं घ्यायचं असतं. तू खाली गेलीस." मग म्हणाले, "चूक माझीपण आहे. नुसतं नको म्हणालो, का ते सांगितलं नाही."

मला रडू आलं. त्या पोफळी त्यांनी आणि सासूबाईंनी मिळून लावलेल्या आहेत. सासूबाई आता नाहीत. वाडी गेली असती तर त्यांच्याकडे काय उरलं असतं, ते मला त्या पायरीवर कळलं.

खोदलेला भाग दगड, माती घालून पुन्हा बुजवला. मोठा पंप काढला. ऐन उन्हाळ्याच्या सीझनमध्ये खोल्या बंद ठेवल्या. वाडीला पाणी कुठून द्यायचं हा प्रश्न होता... तर शेजारचे गणूकाका स्वतःच पाइप खांद्यावर टाकून आले. मी संकोचले, कारण माझ्या हावरटपणानं त्यांच्याही विहिरीतलं पाणी बिघडू शकलं असतं. जमिनीखाली कुठे कुंपण असतं? ते म्हणाले, "आमच्यापुरतं पानी हाय. तुमची वाडी सुकली तर ऊन-वारा थेट आमच्या वाडीत घुसंल. घ्या, लाजायचं न्हाय."

तरी अकरा पोफळी गेल्या. बाकीच्या तगल्या. पावसाळा आला आणि गेला, विहीर भरली, पण अण्णा रोज सकाळी ओंजळ तोंडात घ्यायचे आणि मान हलवायचे. अजून नाही. गणपती गेले, दिवाळी गेली... प्यायचं पाणी आम्ही विकतच आणत होतो.

आणि मंगळवारी तो बेडूक.

अण्णांनी घागर टाकली, पाणी ओढलं आणि या वेळी ओंजळ आधी माझ्यापुढे धरली. मी प्यायले. जिभेवर काहीच राहिलं नाही. इतके महिने मी ज्याची वाट बघितली, ते म्हणजे हे काहीच न राहणं. अण्णा एवढंच म्हणाले, "जा, आजचा चहा याचा टाक."

काल खोल्या पुन्हा सुरू केल्या. शॉवर काढून बादल्या ठेवल्यात. आज नाश्त्याला बसलेल्या ताईंनी हसत विचारलं, पहाटेपासून विहिरीत काय ओरडतंय हो, बंद नाही का करता येत?

मी म्हटलं, ताई, एकदा केलं होतं बंद... आता ओरडू दे.