धावदोऱ्याचं दुकान

भाड्याने कोट देणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत काकू बसायच्या. दुकान दिरांचं. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, घरचंच आहे, थोडा हातभार लावा." तो हात एकदा लागला तो लागलाच. नोकरीच्या मुलाखतीला किंवा लग्नाला निघालेलं गिऱ्हाईक पुढे कोट चढवून मागे यायचं. काकू त्याच्याभोवती एक चक्कर मारायच्या आणि पाठीत, बाहीत कच्चा धावदोरा घालून तो परका कोट त्याच्या अंगाबरोबर बसवायच्या. कोट परत आला की सगळं उसवायचं, कारण पुढचा माणूस ढेरपोट्या निघायचा. आयुष्यभर टाके घातले, पण एकही टाका जागेवर राहिला नाही. याचं त्यांना पूर्वी हसू यायचं. हल्ली नुसता शीण यायचा.

त्यातून उजवा अंगठा बधिर व्हायला लागला. सुई बोटांतून निसटायची आणि टोचल्यावरच सापडायची.

"भाऊजी, एखादी मुलगी बघा. तिला शिकवते, मग मला मोकळं करा," त्यांनी सांगून पाहिलं.

"बघू की," दीर म्हणाले. त्यांच्या 'बघू'ला मुहूर्त कधी लागत नसे.

अशात समोरच मोठं दुकान उघडलं. थंडगार हवा, भिंतभर आरसे, कोरे कोट, वर भाडंही कमी. दिरांच्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाईक तिकडे गेलंही, पण महिन्याभरात मुकाट्याने परत आलं. "माझ्या जिभेवर येतात लोक," दीर छाती फुगवून सांगू लागले. खरं तर त्यांच्या बोलण्याने निम्म्या लोकांना जांभया यायच्या.

दिरांचा मुलगा धंद्याचं शिक्षण घेऊन नुकताच घरी आला होता. असं अंदाजपंचे चालणार नाही, म्हणून त्याने परतलेल्यांनाच गाठून विचारलं. सगळ्यांचं म्हणणं एकच. तिथला कोट नवा असतो, पण दुसऱ्याचा वाटतो. इथला जुना असतो, पण आपला वाटतो.

दुकान बंद झाल्यावर त्याने दोघांना समोर बसवलं. "बाबा, आपली ताकद म्हणजे काकू. कोट कुणीही विकत आणेल, भाडं कुणीही उतरवेल. पण काकू कुठून आणणार?"

इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. काकूंना आनंद झाला, खोटं कशाला सांगा? लोखंड तापलंय तोवर त्यांनी घाव घातला. "मग बाळा, ती मुलगी तेवढी ठेवू या ना. माझा अंगठा आता..."

"मुलगी मुळीच नको!" पुतण्या म्हणाला. "शिकली की समोरचे जास्त पगार देऊन पळवतील. काकू, तू हे कुणालाच शिकवू नकोस. सगळ्यांना यायला लागलं, तर आपल्याकडे वेगळं काय उरलं?"

"पोरगा शिकल्याचं चीज झालं हो," दीर म्हणाले.

काकू अंगठा चोळत बसल्या. "आणि मी मेल्यावर रे?"

"वहिनी! तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये," दीर दचकले.

पुतण्या मात्र दचकला नाही. उलट त्याने संगणक पुढे ओढला. "बरी आठवण केलीस. धोक्यांच्या यादीत हा मुद्दा धरायचा राहूनच गेला होता," तो म्हणाला. मग टंकता टंकता, मान वर न करता, त्याने विचारलं, "काकू, तुझं वय किती लिहू?"