गव्हाणीच्या फळ्या

दुष्काळाचं वर्ष होतं. आमचे दोन्ही बैल चारा छावणीत नेऊन बांधले होते आणि दारातल्या दोन कुत्र्यांना घालायला भाकरी उरत नव्हती. मामा साखर कारखान्याची जीप चालवायचा. कुत्री मी नेतो, पण गाडीत सुटी बसवणार नाही, खोका करून ठेवा, असा त्याचा निरोप आला.

वडील करवत घेऊन थेट गोठ्यात गेले आणि बैलांची लाकडी गव्हाण उचकटायला लागले. माळ्यावर जुनं दार धूळ खात पडलं होतं. ते सोडून गव्हाणच कशाला, म्हणून माझं डोकं फिरलं. आमच्याकडे बैल मेला तरी गव्हाण मोडत नाहीत, दुसरा येईल म्हणून तशीच ठेवतात.

आई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. "आवो, बैल आल्यावर खात्याल कशात?"

वडिलांनी तोंडात धरलेला खिळा काढला, फळीवर टेकवला आणि ठोकला. त्या सकाळीच ते छावणीवरून परत आले होते.

खोका चांगला झाला. वाऱ्याला फटी, तळाला पोतं, दाराला कडी. जीप आली तेव्हा मला वाटलं, कुत्री ओढून बसवावी लागतील. ती फळ्या हुंगत आपणहून आत शिरली आणि गव्हाणीखाली निजायची तशीच एकमेकांना चिकटून निजली.

जीप गेल्यावर आई गोठ्यात गेली. तिनं बैलांचे दोन्ही खुंटे हलवून हलवून उपटले आणि चुलीपाशी जळणात टाकले.