फाटकाशी आलेली वर्दी

बाबा शांतिसेनेतून आफ्रिकेत गेले, तेव्हा आई आणि मी आदिलाबादला राहायला आलो. तिथे कुटुंब नेता येत नाही, आणि इथलं आमचं घर भाडेकरूंनी नुकतंच रिकामं केलं होतं.

माझ्या जन्माआधी बाबा युद्धावर गेले होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मला आठवतात त्या त्यानंतरच्या बदल्या. बाबा पलटणीचे कमांडिंग ऑफिसर झाले, तेव्हा आईच्या वाट्यालाही एक काम आलं. एखादा जवान गेला आणि त्याचं कुटुंब छावणीत असलं, तर ती बातमी फोनवर देत नाहीत. वर्दीतला एक अधिकारी घरी जातो आणि त्याच्यासोबत एक बाई जाते, बहुतेक वेळा साहेबांची बायको. आई अशी तीनदा गेली होती. मला तिने एवढंच सांगितलं होतं, "आधी घर तेच आहे ना विचारायचं, मग बसायला लावायचं, मगच बोलायचं."

त्या आठवड्यात बाबांच्या तळाजवळ गोळीबार झाल्याचं आम्ही मोबाइलवर वाचलं होतं. त्यानंतर दोन दिवस त्यांचा फोन नव्हता. आई घरातलं सगळं नेहमीसारखं करत होती, फक्त मोबाइल हातातून खाली ठेवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पांढरी जीप थांबली. वर्दीतला एक माणूस उतरला आणि मागून साडी नेसलेली एक बाई. मी व्हरांड्यात होते. आई माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"मॅडम, कर्नलसाहेबांचं घर हेच का?" त्या माणसाने विचारलं.

आई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली आणि पदर नीट केला. "बोला," ती म्हणाली. "मी बसले आहे."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला काहीतरी विचारायचं होतं, पण अनोळखी माणसांसमोर माझा आवाज एरवीही फुटत नाही. मी आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"अवो मॅडम, काऊन एवढ्या घाबरून राह्यल्या?" तो माणूस म्हणाला. "आमी कॉलेजातून आलो. छात्रसेना पाहतो मी. झेंडावंदनाला साहेबांना बोलवायचं होतं."

"साहेब घरी नसले तर बायामाणसंच असतील, म्हणून मले संगं आणलं सरांनी," बाई म्हणाली.

आई हसायला लागली, आणि थांबेचना. "फाटकातूनच ओरडायचं ना, आमंत्रण आहे म्हणून!" डोळे पुसत ती म्हणाली. "साहेब आफ्रिकेत आहेत." गोळीबाराचं आणि आईला काय वाटलं होतं ते कळल्यावर त्या सरांनी टोपी काढली आणि चार वेळा माफी मागितली. मी चहा ठेवला. ओट्यावर बरीच साखर सांडली.

बाबांचा फोन दुपारी आला. टॉवर बंद पडला होता. गोळीबार तळाबाहेर झाला होता आणि त्यांची सगळी माणसं सुखरूप होती. आईने सकाळचं त्यांना अवाक्षरही सांगितलं नाही. "कॉलेजात भाषणाला बोलावलंय तुम्हाला, पुढच्या वर्षी या म्हणाले," एवढंच बोलून तिने फोन मला दिला.

एरवी मी "मी ठीक आहे" म्हणून लगेच ठेवते.

"मुलांसमोर काय बोलू ग?" बाबांनी विचारलं.

"तिकडे जेवता काय, ते सांगा."

ते हसले आणि सांगू लागले. डबाबंद मासे, जाडाभरडा भात, नेपाळी तुकडीच्या आचाऱ्याने शिकवलेली लोणच्याची पद्धत. मी मध्ये मध्ये विचारत राहिले, त्यात तिखट किती, तेल कुठलं. आई पलंगावर पाय पसरून आडवी झाली होती. तिसऱ्या पदार्थाला तिला झोप लागली.